लाल एन्ट्री

मलकापुरात राजवर्धनच्या दुकानावर आधी फक्त एसटीडीची पिवळी पाटी होती. नव्व्याण्णव साली त्याने तिच्याखाली 'इंटरनेट' असं रंगवून घेतलं आणि त्या एका शब्दाच्या जिवावर आत तीन कॉम्प्युटर, एक छताचा पंखा आणि पडद्याची केबिन बसवली. गावाने येऊन इंटरनेट बघितलं, पंख्याखाली बसून पेपर वाचला, आणि फोन करायचा तो शेजारच्या दुसऱ्या बूथवरूनच केला. कायमचं गिऱ्हाईक एकच मिळालं, तेही घरचं. राजवर्धनचे चुलते, मानसिंग थोरात, निवृत्त नायब सुभेदार.

मानसिंगची बायको बनुबाई आदल्या दिवाळीनंतर वारली. समाचाराला माणसं आली ती मानसिंगच्या डोळ्यांवर डोळा ठेवूनच आली. रडला तर कितपत रडतो, हे बघून घरी जाऊन सांगायचं होतं. तो रडला नाही. त्याने खुर्च्या मांडल्या, चहाला साखर कमी आहे का विचारलं, जाणाऱ्यांना एसटीची वेळ सांगितली. निम्म्या लोकांनी ठरवलं की मिल्ट्रीतला माणूस, घट्ट असतो. उरलेल्या निम्म्यांनी ठरवलं की ह्याला बायकोचं फारसं नव्हतंच. दोघांचाही अंदाज चुकला होता, पण मानसिंगने कुणाला दुरुस्त केलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याचं सगळंच झालं होतं. आमटीत मीठ नाही हे त्याला पाहुण्यांनी सांगावं लागायचं.

घरात बनुबाईची भांडी होती. पितळेच्या कळश्या, तांब्याच्या घागरी, परात, एक घंगाळ. मुलगी क्रांती सांगलीला राहायची. ती म्हणाली, "आबा, तुमी आता इकडंच या. पण फ्लॅटात एवढं सामान कुठं ठेवू? भांडी मोडीत घाला." मानसिंग बरं म्हणाला. मोडवाला काटा घेऊन दारात आला, त्याच वेळी राजवर्धन तिथून चालला होता. त्याने गाडी स्टँडला लावली आणि मोडवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं.

"आबा, ह्ये किलोवर घालू नका. परदेशात आता कॉम्प्युटरवर बाजार भरतो. फोटो लावायचा, लोक बोली लावतात, जो चढा बोलंल त्याला पार्सल करायचं. तिकडं लोक कळशीत छत्र्या ठेवतात."

"छत्र्या?"

"दाराशी. शोभंला."

मानसिंगला ना छत्र्यांचं काही वाटलं ना कळशीचं. "ने," तो म्हणाला.

"फकस्त एक हाय. माल पोचला की घेणारा आपल्या नावापुढं एक ओळ लिहितो. बरं लिहिलं तर हिरवी, वाईट लिहिलं तर लाल. ती सगळ्या जगाला दिसती."

इथे मात्र मानसिंगने मान वर केली. "म्हंजी सर्व्हिस बुक."

"तसंच समजा."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मानसिंगच्या कागदावर एकही लाल शाईची एन्ट्री पडली नव्हती. टोपी-पट्टा काढून साहेबापुढे गुन्हेगार म्हणून तो एकदाही उभा राहिला नव्हता. ही गोष्ट त्याने लग्नात, बारशात, ग्रामपंचायतीत, इतक्यांदा सांगितली होती की बनुबाई पुढचं वाक्य आधी म्हणून टाकायची. त्या बधिरपणातही एवढी एक जागा अजून जिवंत राहिली होती.

पाच भांडी गेली आणि पाच हिरव्या ओळी आल्या. प्रत्येक ओळ मानसिंग दुकानात येऊन राजवर्धनकडून वाचून घ्यायचा, आणि ऐकताना खुर्ची असूनही बसायचा नाही.

खोकं बांधायचं काम तो स्वतः करायचा. भांडं कागदात गुंडाळायच्या आधी त्याचा हात डब्यात जायचा आणि मूठभर तांदूळ भांड्यात पडायचे. त्याने ते ठरवून केलं नव्हतं. बनुबाईच्या हयातीत त्या घरातून कुठलं भांडं रिकामं बाहेर गेलं नव्हतं. शेजारणीची ताकाची वाटी परत जाताना तिच्यात साखर जायची, साखर नसली तर गूळ, काहीच नसलं तर चिमूटभर तांदूळ. रिकामं भांडं देणं म्हणजे घेणाऱ्याला घालवून देणं, असं ती म्हणायची. पहिली पाच पार्सलं विमानाने गेली. तांदूळ तांदूळच पोचले. एका गोऱ्याने तर 'पॅकिंग उत्तम' असं लिहिलं. सहावी कळशी मोठी आणि जड, म्हणून राजवर्धनने ती जहाजाने पाठवली. ती तीन महिने समुद्रावर होती.

मग एके दिवशी सकाळी राजवर्धनने निरोप धाडला. मानसिंग आला तेव्हा पंख्याखाली नेहमीप्रमाणे आप्पासो बसला होता. तो पोस्टातून रिटायर झालेला, आणि आता फुकट पेपर जिथे असेल तिथे त्याची ड्यूटी असायची.

"आबा, बसा जरा," राजवर्धन म्हणाला.

"वाच."

"मनाला लावून घिऊ नका पण."

"वाच म्हटलं न्हवं."

राजवर्धनने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून एकेक शब्द मराठीत उतरवला. "कळशी चांगली. आत तांदूळ आणि जिवंत किडे. माझं सगळं कपाट खराब झालं. ह्या माणसापासून सावध राहा."

आप्पासोने पेपर खाली केला. "जित्तं किडं? तीन महिनं जहाजात बसून? मग सुभेदार, माल टिकाऊ हाय म्हणायचा की आपला!"

"गप रं, आप्पा."

"न्हाई, मी म्हणतो, पासपोर्टाबिगर अमेरिकेला जाणारं आपल्या गावातलं पयलंच हाय ते."

"रंग कुठला?" मानसिंगने विचारलं.

"काय?"

"ओळीचा."

राजवर्धन खुर्ची सरकवून बाजूला झाला. पाच हिरव्या ओळींवर एक लाल ओळ होती. मानसिंगला इंग्रजी पुरतं येत नव्हतं, पण लाल वाचायला ते लागतही नव्हतं. इतक्या महिन्यांत त्याच्या आत काही हललं ते हे पहिलंच. आपण बायकोसाठी नाही, ह्याच्यासाठी हललो, हेही त्याच्या लगेच ध्यानात आलं.

"खोडता येतं?"

"दोघं राजी असलं तर कंपनी काढती. मी काय म्हणतो, आपण पण घेणाऱ्या बाईला लाल देऊ. मग ती घाबरती, म्हणती तू काढ, मी काढते. सगळं असंच करत्यात."

"तिनं पैसं वेळंवर दिलं?"

"दिलं की."

"मग तिला लाल कशाबद्दल?"

"आबा, ह्यो धंदा हाय. कशाबद्दल आसं नसतं."

"न्हाई द्यायची."

राजवर्धनने मग त्या बाईला ईमेल केली. बाई ओहायो नावाच्या राज्यातली. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं आणि राजवर्धन ते छापून, कागद हलवत, मानसिंगच्या घरीच आला. मागोमाग आप्पासो. पेपर वाचून झाला होता.

"आबा, काम झालं! बाई चांगली हाय. ती विचारती, तांदूळ का घातले? काय कारण असंल तर सांगा, मी लाल काढायला तयार हाय म्हणती."

मानसिंगने आप्पासोला खुर्ची दिली.

"म्या लिवूनच आणलंय," राजवर्धन म्हणाला, आणि कागदाच्या मागे लिहिलेलं मराठीत सांगू लागला. "माझी बायको गेल्या वर्षी वारली. ही भांडी तिची. ती हयात असताना घरातून रिकामं भांडं कधी दिलं नाही. ती गेल्यावरही मी तिची रीत सोडली नाही. तुम्हाला त्रास झाला, माफ करा." त्याने वर बघितलं. "बघा आता. बाई रडती का न्हाई. लाल तर काढंलच, वरनं अजून दोन कळश्या घील."

"झकास झालंय," आप्पासो म्हणाला. "फकस्त शेवटाला जरा वाढव. मरताना बोलली म्हणून लिव. वयनी काय बोलली व्हती वो, सुभेदार?"

"काय न्हाई. तोंडाला नळी व्हती."

आप्पासोने उगाच उपरण्याने मान पुसली.

"परत वाच," मानसिंग म्हणाला.

राजवर्धनने परत वाचलं. त्यात एकही खोटा शब्द नव्हता. भांडी तिची होती, रीत तिची होती, ती वारली होती. शपथेवर सांगता आलं असतं.

युनिटमध्ये असताना रजेवरून उशिरा आलेल्या पोरांना साहेबापुढे उभं करायचं काम मानसिंगकडे असायचं. टोपी-पट्टा काढलेलं पोरगं म्हणायचं, साब, माँ गुजर गई. काहींचं खोटं असायचं. त्यांचं मानसिंगला काही वाटायचं नाही, खोटं पचवायची सवय असते. पण एकाची आई खरोखरच वारली होती. साहेबाने त्याला सोडून दिलं, आणि ते पोरगं बाहेर आल्यावर मानसिंगला म्हणालं होतं, बच गया, उस्ताद. ते पोरगं पुढे चांगलं निघालं, बढती मिळवली. पण त्या दिवशी त्याच्या तोंडावर जी सुटका दिसली होती, ती मानसिंगला पुन्हा बघायची नव्हती. स्वतःच्या तोंडावर तर नाहीच.

"खोड," तो म्हणाला.

"काय खोडू?"

"बायकोचं सगळं."

"आवं आबा, खरं हाय की ह्ये!"

"खरं हाय म्हणूनच खोड."

"मग कारण काय लिवू? ती कारण विचारती!"

"कारण न्हाई. तांदूळ मी घातलं. चूक माझी. तिचं जे काय नुकसान झालं आसंल ते भरून देतो. संपलं."

राजवर्धन कागद घेऊन तसाच उभा राहिला. "आबा, एवढंच लिवलं तर लाल ऱ्हाती. समजा नीट. सव्वीस वर्षं तुमी..."

"ऱ्हाऊ दे."

"पुढच्या मालाला बोली लागत न्हाई. लोक आधी लाल बघत्यात."

"ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं."

आप्पासोला ह्यावर बोलण्यासारखं पुष्कळ सुचलं असणार, पण तो उठून अंगणात गेला आणि तिथून "ऊन लय हाय आज" एवढंच म्हणाला.

मानसिंगने सांगितलं तसं राजवर्धनने लिहिलं. बाईने नुकसानभरपाई घेतली नाही, आभार मानले, आणि कारण न मिळाल्यामुळे की काय, ओळ काढायचं तिने पुन्हा नाव घेतलं नाही. लाल ओळीखाली विकणाऱ्याला उत्तर लिहायला ऐंशी अक्षरं मिळत. तिथे राजवर्धनने तेच बसवलं: तांदूळ मी घातले, चूक माझी.

ह्यानंतर आपल्याला हलकं वाटेल, किंवा निदान वाईट तरी वाटेल, अशी मानसिंगने वाट बघितली. दोन्हीतलं काही आलं नाही. आत जे हललं होतं तेही जिथून आलं तिथे गेलं. तो जेवला, झोपला, सकाळी दाढी केली.

राजवर्धनचा अंदाज मात्र खरा ठरला. घंगाळाचा फोटो लावला तर आठवडाभर कुणी फिरकलं नाही. दुकानात तो कपाळाला हात लावून बसला होता.

"काढून टाकू का आबा? मोडवाल्याला बोलवतो."

"नको. असू दे लावलेलं. त्याच्याखाली एक लिही."

"काय?"

"भांडं रिकामं येईल."

राजवर्धनला हसू आलं. "आसं कोण लिहितं व्हय? रिकामंच येतं की, सगळ्यांचं."

"आमच्या घरातनं जात न्हवतं. लिही."

राजवर्धनने हसू आवरलं आणि लिहिलं. ते वर चढायच्या आत फोनची लाइन तुटली. त्याने पुन्हा नंबर लावला, मशीन किरकिरलं, पान पुन्हा उघडलं, पण लिहिलेलं गेलं होतं.

"आबा, गेलं. परत सांगा, काय म्हणाला व्हता?"

मानसिंगने परत सांगितलं.