राखाडीचा उघडा चेहरा आणि बुधवारचा दुपारचा खेळ

सुज्ञ वाचकहो, आता मी आपणांपुढे जी हकिकत सादर करणार आहे, तिच्यात एक जळते शहर, एक भाजलेला चेहरा, एक बॅटरी व एक मफलर एवढ्याच वस्तू आहेत. पैकी शहर पडद्यावरचे असल्यामुळे खोटे आहे. बाकीच्या वस्तू आमच्या घरच्या आहेत. माझे शिक्षण सातवीत थांबले, तथापि ग्रंथवाचनाची गोडी सुटली नाही. सबब भाषेत काही उणे-अधिक आढळल्यास तो दोष माझा समजावा, हकिकतीचा समजू नये.

मी एका सिनेमागृहात खालच्या वर्गाच्या दाराशी असतो. अंधारात प्रेक्षकास त्याच्या खुर्चीपर्यंत नेणे, आणि कोणी दंगा केल्यास त्याच्या तोंडावर उजेड टाकून त्यास लाजविणे, ही माझी कर्तव्ये होत. यावरून लोक मला बॅटरीमास्तर म्हणतात. या कामातील चमत्कारिक गोष्ट अशी की, आम्ही पडद्याकडे पाठ करून उभे असतो. जगाने जे चित्रपट डोळे भरून पाहिले, ते मी निव्वळ लोकांच्या चेहऱ्यांवर वाचलेले आहेत. शिवाय आमच्या धंद्यात बॅटरी डोळ्यांच्या मागे जाते. नजर जिकडे वळली तिकडे हात आपसूक वळतो. एवढे वाक्य वाचकांनी गाठीस बांधून ठेवावे.

आमच्याकडे 'राखाडी' हा चित्रपट लागला. राखाडी म्हणजे आमच्या लहानपणीच्या चित्रकथांतील महादुष्ट. तोंडावर राखेच्या रंगाचा मुखवटा घालून तो शहरे जाळीत असे, आणि शेवटच्या पानावर नायकाचा मार खात असे. मी व माझा धाकटा भाऊ एकाच पांघरुणात ती पुस्तके वाचीत असू. मी नायकाच्या बाजूचा, तो मात्र लहानपणापासून विचारी, "दादा, पण हा असा का झाला, ते कुठं लिहिलंय?" त्या प्रश्नाचे उत्तर या चित्रपटात होते. राखाडी पूर्वी आगीच्या बंबावरचा जवान होता. लोकांना वाचविताना त्याचा चेहरा भाजला, आणि ज्यांना वाचविले त्यांनीच त्याच्याकडे पाहणे सोडले. तेव्हा त्याने मुखवटा चढविला व हाती काडी घेतली.

आता धाकट्याविषयी लिहिणे प्राप्त आहे. तो कपडे धुण्याच्या एका कारखान्यात काम करतो. गेल्या वर्षी तेथील बॉयलरची वाफ त्याच्या तोंडावर आली. जीव वाचला, दृष्टी वाचली. परंतु डावा गाल, कान आणि ओठाची एक कड वितळून गोठलेल्या मेणासारखी झाली. पूर्वी हा मनुष्य चार जणांत बसला की पाचव्याला बोलू देत नसे. आता तो मफलर गुंडाळून भल्या पहाटे कामावर जाई, मागच्या खोलीत एकटा चादरींच्या घड्या घाली, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जेवी.

त्यातच कारखान्यात घड्या घालणारे यंत्र येणार असे ठरले. मालक भला माणूस. तो म्हणाला, "मागची खोली आता बंद. पण काउंटरवरची जागा रिकामी होतेय. कुठला डाग कशानं जातो हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तिथं बस. शनिवारपर्यंत सांग."

धाकटा घरी येऊन म्हणाला, "मी नाही बसणार. गिऱ्हाईक कपडे तिथंच टाकून पळेल."

आमचे कुटुंब, म्हणजे त्याची वहिनी, तोंडाने तिखट व मनाने लोणी आहे. ती म्हणाली, "मग घरी बसा भावोजी, माझ्या डोक्यावर. नाहीतरी वर जागा रिकामीच आहे."

तो हसला नाही. मला म्हणाला, "दादा, त्या सिनेमात राखाडीचं तोंड उघडं दाखवलंय?"

"दाखवलंय. मध्यंतराच्या थोडं आधी."

"तेव्हा लोक काय करतात? तू तर लोकांकडंच बघत असतोस. नीट बघ आणि मला सांग. त्यावरून मी मालकांना काय ते कळवतो."

वाचकहो, त्या दिवसापासून प्रत्येक खेळाला मी मध्यंतराआधीच्या त्या घटकेची वाट पाहू लागलो. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया तरी किती तऱ्हांच्या! शहर पेटले की पुढल्या रांगेतील पोरे शिट्ट्या मारीत, जणू यांच्याच घरचे कार्य आहे. एक निवृत्त हेडमास्तर अर्ध्यातून उठून मला म्हणाले, "खलनायकाला डोक्यावर घेतलंय! उद्या चोराचीही आरती करतील." त्यांच्याच मागे एक बाई रडून रडून बेजार, आणि तिचा नवरा शेजारी घोरत होता. परंतु मुखवटा उतरे त्या क्षणी सगळे सारखेच वागत. कोणी डोळ्यांवर हात घेई, कोणी तोंड फिरवी, आणि कोठून तरी आवाज येई, "अरे, झाक ते झाक!" मग हशा.

घरी आल्यावर मी सांगितले, "लोक फार गंभीर होतात. शांतपणे बघतात."

वहिनीने निदान केल्यासारखे म्हटले, "अहो, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तर कशाला त्या वाटेला जाता? कान लाल झालेत बघा."

धाकट्याने माझ्या कानांकडे पाहिले, आणि म्हणाला, "मी स्वतःच येतो."

झाले! मी माझ्या अनुभवाची सर्व पुंजी पणाला लावून बेत आखला. बुधवारचा दुपारचा खेळ म्हणजे आमच्याकडे स्मशानशांतता. चार म्हातारे आणि दोन कबुतरे. दिवे मालविल्यावर त्याला आत घ्यायचे, बाजूच्या दारालगतच्या खुर्चीवर बसवायचे, आणि मध्यंतराचे दिवे लागण्याआधी त्याच दाराने बाहेर काढायचे. पुढचे पाहायचे असल्यास पुन्हा अंधारात आत. बाहेर गल्लीत वहिनीने मफलर घेऊन उभे राहायचे, कारण आत उकाडा असल्यामुळे तो दारातच काढून तिच्याकडे द्यायचा होता.

परंतु मनुष्य योजितो एक आणि घडते भलतेच. नेमक्या त्या बुधवारी बस दुरुस्तीच्या कारखान्याने सुट्टीचा वार बदलला, आणि तेथील सारे कारागीर बायकामंडळींसह आमच्याकडे लोटले. धाकटा अंधारात खुर्चीवर बसला तेव्हा त्याच्या एका बाजूस एक दणकट मिस्त्री, आणि दुसऱ्या बाजूस, दार व तो यांच्यामध्ये जादा खुर्ची टाकून बसलेली, एक भरभक्कम बाई होती. तिला ओलांडून दार गाठणे म्हणजे डोंगर ओलांडणे.

चित्रपट चालू राहिला. मी पाठमोरा उभा राहून फक्त एका चेहऱ्याकडे पाहत होतो. अखेर तो प्रसंग आला. मुखवटा खाली पडल्याचा आवाज माझ्या पाठीमागे झाला. सभागृहातून "आई गं!" अशी एकच लाट उठली, आणि पाचव्या रांगेतून कोणी ओरडले, "अरे, हा तर आपला फोरमन!"

हास्याचा स्फोट झाला. माझे मस्तक भडकले. त्या वात्रटाला लाजवावे म्हणून मी बॅटरी पेटविली. पण नजर त्या वात्रटाकडे गेली नाही. नजर गेली धाकट्याकडे, त्याला लागले की काय ते पाहायला. आणि जिकडे नजर, तिकडे उजेड. माझ्या हाताने, माझ्या बॅटरीने, माझ्या भावाचा उघडा चेहरा मी सर्व लोकांसमोर उजळून टाकला. बटण बंद करायचेही मला सुचेना. हशा मध्येच तुटला. रांगांमागून रांगा वळून पाहू लागल्या.

त्या शांततेत ती भरभक्कम बाई कडाडली, "अहो बॅटरीवाले! तिकडं पडद्यावर जाळपोळ चाललीय ती काय कमी आहे, म्हणून तुम्ही आमचे डोळे जाळताय?"

मिस्त्री म्हणाला, "बंद करा हो! ऐन रंगात आलंय."

मागून तिसरा ओरडला, "मास्तर, सेल फुकट आलेत का?"

सारे सभागृह मजवर उलटले. आणि तेव्हा धाकट्याने डोळ्यांपुढे हात धरून म्हटले, "बाई, रागावू नका. माझा थोरला भाऊ आहे तो."

"मग घरी बघून घ्यायचं ना तोंड! इथं कशाला बॅटरी?"

जो हशा पिकला, त्यात एक हसणे माझ्या ओळखीचे होते. वर्षभरात ते मी ऐकले नव्हते. मी बॅटरी विझविली.

मध्यंतर झाले. दिवे लागले. मी धावत जाऊन बाजूचे दार उघडले व त्याला खुणा करू लागलो. तो उठेना. बाईने डबा उघडून तो त्याच्यापुढे धरला होता व सरळ विचारीत होती, "कशानं भाजलं हो?"

मी डोळे मिटून घेतले.

"वाफेनं," धाकटा म्हणाला. "कपडे धुवायच्या कारखान्यातला बॉयलर."

"सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला असणार," मिस्त्री पुढे वाकून म्हणाला. "गंज साफ करत नाहीत लोक."

"अगदी तेच झालं!" असे म्हणून धाकट्याने हातांनी हवेत व्हॉल्व्ह काढून दाखविला.

तेवढ्यात पाचव्या रांगेतला तो वात्रट ओशाळून आला. "भाऊ, मी तुम्हाला नव्हतं म्हटलं हं. मी फोरमनला म्हटलं."

"फोरमन आलाय का इथं?"

"तो काय मागं बसलाय. ऐकू जावं म्हणून तर ओरडलो!"

बाई म्हणाली, "ते राहू द्या. तुम्ही सांगा भाऊ, तुम्हाला अनुभव आहे. तोंड भाजलं म्हणून माणूस गाव जाळत सुटेल का?"

धाकट्याने घास तोंडात घातला, विचार केला. मग म्हणाला, "नुसतं तोंड भाजून नाही सुटणार. पण त्याच्या घरी त्याच्याशी भांडणारं कोणी दाखवलं नाही बघा. सगळे घाबरून गप्प. माझी वहिनी असती ना, तर म्हणाली असती, काडेपेटी ठेवा खाली, आधी दळण आणा."

"आणि तिनं तसं म्हटलं असतं, तर सिनेमा मध्यंतरातच संपला असता!" मिस्त्री म्हणाला.

उत्तरार्धासाठी दिवे मालविले गेले. राखाडी शहर पेटवायला निघाला असावा, कारण पुढल्या रांगेत शिट्ट्या सुरू झाल्या. एवढ्यात बाजूच्या दारालगतच्या त्याच खुर्चीवरून खणखणीत आवाज आला, "अरे मूर्खा, बंबावरचा ना तू? नळ उघड, नळ!"

सभागृह हसण्याने दुमदुमले. नियमाप्रमाणे ओरडणाऱ्याच्या तोंडावर उजेड टाकणे माझे कर्तव्य होते. मी बॅटरी खिशात घातली आणि कर्तव्यात कसूर केली.

खेळ सुटला. मी बाजूच्या दाराने गल्लीत गेलो. वहिनी उन्हात मफलर छातीशी धरून उभी होती. "कुठायत भावोजी? रडले का? उठून गेले का? अहो, बोला ना!"

मी फक्त मुख्य दाराकडे बोट केले. भर उन्हात, भर गर्दीत, मिस्त्रीच्या खांद्याशी खांदा लावून तो बाहेर येत होता, आणि हात उंचावून वाद घालीत होता. समोरून येणाऱ्या एका मनुष्याने त्याच्याकडे पाहून चटकन नजर वळविली, हेही मला दिसले. त्यालाही दिसले असावे; क्षणभर त्याचा हात खाली आला. मग त्याने वाक्य पुरे केले.

वहिनीने मफलर पुढे केला. तो म्हणाला, "वहिनी, एवढ्या उकाड्यात? तुम्हीच गुंडाळा."

"बघा," ती मला म्हणाली, "हे पुन्हा बोलायला लागले. आता मला जेवताना कोणी बोलू द्यायचं नाही." आणि तिने त्याच मफलराने डोळे पुसले.

शनिवारपर्यंत त्याने वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी तो काउंटरवर बसला. मी खेळापूर्वी सहज म्हणून तिकडे गेलो व खांबाआड उभा राहिलो. पहिल्या गिऱ्हाइकाने त्याचे तोंड पाहिले आणि बोचके पुढे ढकलून दोन पावले मागे सरकले. धाकट्याचा हात टेबलावर थांबला. मग त्याने सदरा उलगडून विचारले, "हा डाग शाईचा ना? लिंबू चोळलंत वाटतं. म्हणून पसरलाय." ते गृहस्थ दोन पावले पुढे आले. "हो ना! आमच्या हिनं चोळलं. आता जाईल का?" त्यानंतर त्या दोघांच्यामध्ये फक्त डाग उरला.

काही दिवसांनी तीच भरभक्कम बाई पडद्यांचे गाठोडे घेऊन आली, आणि दारातूनच ओरडली, "अगंबाई, हा तर नळ उघडणारा!" तेव्हापासून त्या रस्त्यावर त्याचे नाव नळवाले पडले आहे. ते ऐकून तो मान वर करतो.

राखाडीचा शेवट मी अद्याप पाहिलेला नाही. धाकटा सांगतो, त्यात काही अर्थ नाही, वहिनीला घेऊन ये, ती नीट करून दाखवील.

येथे ही हकिकत संपली. आपण आपला अमोल वेळ खर्चून अंधारात माझ्यामागून येथवर चालत आलात, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. खुर्चीवरून उठताना पायरी सांभाळावी.

आपला नम्र,
बॅटरीमास्तर
(खालच्या वर्गाचे दार)