रॅमच्या खाचेतलं तेल

खोटं बोलत असेन तर माझे उरलेले चारही दात आत्ता इथे पडोत आणि माझी कवळी दुसऱ्याच बाईच्या तोंडात बसो! यातला शब्द न् शब्द खरा आहे. मध्ये कुणी हसलं तर मी उठून जाईन, सांगून ठेवते.

भिंगोबा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला लावलेलं भिंग जेवतानासुद्धा काढायला विसरायचा, म्हणून ते नाव. हात इतका हलका की एकदा दुकानात मुंगी लंगडत आली, तर त्याने चिमट्याने तिच्या पायातलं कुसळ काढलं आणि ती आपल्या पायांनी चालत घरी गेली. हसू नका म्हटलं ना! एक्केचाळीस वर्षांत त्याच्या हातून एक यंत्र बिघडलं नव्हतं. हे तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगायचा. आणि काहीही अडलं, कुरकुरलं की त्याचा एकच इलाज: तेलाचा एक थेंब.

त्याची बायको तीस वर्षं बस स्टँडवर सूचना द्यायची. तिने माइकवर नुसतं ‘फलाट तीन’ म्हटलं की फलाट चारवर घोरणारेही उठून चालायला लागायचे. नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि श्वासापुरतं एक भोक ठेवलं. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस ती लॅपटॉपसमोर बसून वाक्यांमागून वाक्यं वाचत होती. त्यावरून लॅपटॉपने तिचा आवाज उचलला. आता ती टाइप करायची आणि लॅपटॉपचा तो डबा तिच्या आवाजात बोलायचा.

लेक होती लांब, दोन विमानं बदलून जावं लागे इतकी लांब. तिला सातवा महिना लागलेला. आधीची दोन राहिली नव्हती. म्हणून आईने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून नवऱ्याला दम दिला होता, “पोर होईपर्यंत तिला कळलं तर माझ्याशी गाठ आहे.” भिंगोबाने शपथ घेतली. दर रविवारी पाच वाजता फोन यायचा. आई टाइप करायची, डबा बोलायचा, लेक हसायची. तिला काही कळत नव्हतं.

पण डबा म्हातारा झाला. आईने टाइप करावं, स्क्रीनवर चक्री फिरत राहावी आणि उत्तर बाहेर पडेपर्यंत लेक दुसऱ्याच विषयावर गेलेली असावी. मागच्या रविवारी लेकीने विचारलं, “आई, मी चुकले का गं काही?” चक्री फिरत राहिली. “बरं, ठेवते. तुझं लक्ष नाहीये.” आणि फोन बंद झाल्यावर डबा म्हणाला, “नाही गं राणी.”

बायको त्या रात्री जेवली नाही.

आता सोमवारी सकाळी सातला दुसरं ऑपरेशन होतं. ते समजावून सांगताना डॉक्टर सगळा वेळ कागदाकडे बघत होते. म्हणजे हाच एक रविवार हातात होता.

खाली कॉम्प्युटर दुरुस्त करणारी पोरगी होती. तिने सांगितलं, “काका, रॅम कमी पडतेय. एक पट्टी वाढवली की पळायला लागेल. मी येऊन बसवते, दोन मिनिटांचं काम आहे.”

“तू मला शिकवणार?” भिंगोबा म्हणाला. “तांदळाच्या कणीएवढा स्क्रू मी डोळे मिटून बसवतो. आण ती पट्टी इकडे.”

रविवारी दुपारी दोन वाजता त्याने लॅपटॉप पालथा घातला, भिंग लावलं, मागचं झाकण काढलं. जुन्या पट्टीशेजारी एक खाच मोकळी होती. नवी पट्टी टेकवली, दाबली. जाईना. पुन्हा दाबली. अडली. आणि एक्केचाळीस वर्षांची सवय हातातून निघून गेली: बारीक सुईने तेलाचा एक थेंब खाचेत. पट्टी लोण्यासारखी आत गेली. एकीला दिलं तर दुसरीने काय घोडं मारलंय, म्हणून जुनी पट्टी काढून तिच्याही खाचेत एक थेंब सोडला.

बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी. आतून तीनदा टूं झालं आणि मग काही नाही.

बायको पलंगावरून बघत होती. तिने पाटी वर केली: “याला चावी कुठून देतात?”

“थांब गं,” तो म्हणाला. त्याने पुन्हा बटण दाबलं.

अडीचला त्याने खालच्या पोरीला हाक मारली. ती मांडी घालून बसली. “नवी पट्टी काढा, जुनीवर चालू करू.” टूं टूं टूं. “जुनी काढा, नवी तिच्या जागी.” टूं टूं टूं. बॅटरी काढली, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, पुन्हा लावली. खोडरबरने पट्टीचे सोनेरी दात घासले. खाली पळत जाऊन तिसरी पट्टी आणली. तिच्यावरही टूं टूं टूं.

“काका, बसवताना काही झालं होतं का? पाणी, चहा, काही सांडलं?”

“छे.”

“आठवा नीट.”

“सांगितलं ना, छे! माझ्या हातून यंत्र बिघडत नाही.”

बायकोने पाटी पुसली, लिहिलं आणि त्याच्यासमोर धरली. “तेल?” एवढंच. चौतीस वर्षांचा संसार होता. तिला त्याच्या बोटांचा वास ठाऊक होता.

“नाही,” भिंगोबा तिच्याही तोंडावर म्हणाला.

मग पोरगी दीड तास भलतीकडेच शोधत बसली. एकेक तार काढून बघितली. भिंतीवरची सातही घड्याळं, त्यानेच एका ठोक्यात आणलेली, चारचे ठोके एकदम देऊन गेली. साडेचार झाले. तेव्हा कुठे तो, भिंत बघत, म्हणाला, “दोन्ही खाचांत. एकेक थेंब. घड्याळाचं तेल आहे, चांगलं आहे.”

पोरगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “काका, हे अडीचला का नाही सांगितलंत?” म्हणाली आणि स्पिरिट, ब्रश घेऊन भिडली. थोड्या वेळाने हात थांबवून म्हणाली, “तुमच्या भिंगातून बघा जरा.”

त्याने बघितलं. तेलामुळे दोन्ही पट्ट्या घसरून तिरक्या बसल्या होत्या आणि तशीच वीज मिळालेली. दोन्ही खाचांतल्या दोन-दोन पिना काळ्या पडल्या होत्या. त्याच्याइतकं स्वच्छ ते कुणालाच दिसलं नसतं.

“आवाज डिस्कवर शाबूत आहे,” पोरगी हळूच म्हणाली. “डिस्क दुसऱ्या मशीनला लावून देते. पण दोन दिवस लागतील.”

 तिने तरी पिना साफ करणं सोडलं नाही.

पाच वाजले. फोन वाजला. बायकोने तो उचलून कानाला लावला आणि नवऱ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

“आई?” लेकीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. “आई, रागावलीस ना? निदान हं तरी म्हण. मी काय केलंय ते तरी सांग... बरं. नाही बोलायचं तर राहू दे. मी नाही करणार परत फोन.”

भिंगोबाने फोन हिसकावून घेतला. बायकोने त्याच्या दंडात नखं रोवली, रक्त आलं, त्याने सोडला नाही. “बाळा, ठेवू नकोस. आईला आवाज नाहीये गं. पाच महिने झाले.”



“बाबा,” लेक म्हणाली, “मग दर रविवारी माझ्याशी कोण बोलत होतं?”

“आईच. मशीनमधून. ते आज मी मोडलं.” पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं. “माझ्या हातून बिघडलं.”

तेवढ्यात पोरीने बटण दाबलं, टूं झालं नाही आणि स्क्रीन उजळली. बायकोने टाइप केलं आणि चक्री एकदाही न फिरता तिचा तो बस स्टँड हलवणारा आवाज खोलीत घुमला, “राणी, मी रागावले नाही. स्वतःला जप.”

सोमवारी बायको ऑपरेशनला आत गेली ती परत आली नाही. मंगळवारी पोरीने डिस्क दुसऱ्या मशीनला लावून आणून दिली. भिंगोबाने ते मशीन अजून उघडलेलं नाही.

काय? रविवारी लॅपटॉप बोलला, तर मंगळवारी डिस्क दुसऱ्या मशीनला का लावावी लागली? पकडलंत होय! बरं, तेवढं एक मी पदरचं घातलं. स्क्रीन उजळली नाही. काळ्याच पिना त्या. खरं असं झालं की बायकोने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि गळ्याच्या भोकाशी धरला. नुसता श्वास जात-येत होता. लेकीने तो बराच वेळ ऐकला, फोन ठेवला नाही.

मुंगीचं मात्र खरं आहे.