घरात नको असलेला शब्द

सविता सुपातली ज्वारी तशीच टाकून पुन्हा उठली. दारापर्यंत गेली, चौकटीला हात लावून गल्लीत पाहिलं आणि परत येऊन सुपाशी बसली. चार दाणे इकडचे तिकडे केले की परत उठली.

"कोण यायचंय का?" नागनाथने खाटेवरून सुनेला विचारलं.

"कोण न्हाई मामा. उकडायलंय नुसतं."

उकडत तर होतंच. मे महिन्यात पूर्णेत पत्र्याखाली दुसरं काय होणार? पण सविता पंख्याखाली बसत नव्हती. तांब्या तोंडाला लावून पाणी न पिताच खाली ठेवत होती.

तिला काय होतंय ते नागनाथला कळलं होतं. त्या होण्याला एक शब्द होता, आणि तो शब्द या घरात बोलायचा नव्हता.

शब्द त्याच्या बायकोचा, बायनाबाईचा. "माझी उलघाल व्हायलीय," असं ती येताजाता म्हणायची. परभणीहून मुलगा गोपाळ यायला उशीर झाला की उलघाल. धुणं दोरीवर आणि आभाळ भरून आलं की उलघाल. दुखणं नव्हे, ताप नव्हे. बसलं तर उठावं वाटतं, उठलं तर बसावं, जीव कुठंच टेकत नाही, त्याला ती उलघाल म्हणायची. शेजारची चांगुणाबाई चिडवायची, हिची उलघाल थांबली तर टेशनातल्या गाड्या बी थांबतील. बायनाबाईही हसायची.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ती तेच म्हणाली. दवाखान्यात नेलं, तिथंही तेच म्हणाली. छातीत दुखतंय का, तर न्हाई. पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दिवेलागणीला ती गेली.

नागनाथ डॉक्टरशी भांडला नाही. त्याने राग धरला तो शब्दावर. तेराव्यानंतर सविता सहज बोलून गेली, गोपाळ फोन उचलत नाही, उलघाल व्हायलीय. त्याने समोरचं ताट सारलं. "तो शब्द घरात नको," एवढंच म्हणाला. संध्याकाळी सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात; नाव घेतलं की येतो. तसंच हे. तेव्हापासून सविताला कधी उकडायचं, कधी डोकं जड व्हायचं. उलघाल कधी व्हायची नाही.

त्याची सगळी नोकरी रेल्वेचं फाटक सांभाळण्यात गेली होती. फाटक पडलं की उशीर झालेली माणसं हॉर्न वाजवत, त्याला शिव्या देत. पण ज्यांच्या जीपमध्ये कुणी आजारी पडलेलं असे, ते हॉर्न वाजवत नसत. खाली उतरत, फाटकाच्या दांड्याला हात लावत, परत जाऊन बसत, परत उतरत. गाडी जाईपर्यंत त्याला काही करता येत नसे. तो त्यांच्याकडे बघायचं टाळायचा.

सविता पुन्हा चौकटीला हात लावून उभी राहिली.

गोपाळला फोन करावा का? परभणीहून तो येणार कधी? नागनाथ खाटेवरून उठला. नाव घेतलं आणि खरंच आलं तर? न घेता आलंच असलं तर?

"सविता," तो म्हणाला, "उलघाल व्हायली का गं तुला?"

ती चोरी पकडल्यासारखी वळली. मग तिचे डोळे भरले.

"व्हायलीय मामा. सकाळपासून. डावा हात बी जड पडायलाय. तुमाला तरास नको म्हणून बोलले न्हाई."

"चल."

रिक्षा दारात आली तशी चांगुणाबाईने ओट्यावरून विचारलं, "कुठं चाललाव भाऊ?"

"सविताची उलघाल व्हायलीय," नागनाथ भर गल्लीत म्हणाला. चांगुणाबाई हसली नाही. निवडायला घेतलेली भाजी तशीच सोडून रिक्षात येऊन बसली.

दवाखान्यात नर्सने सविताला पडद्याआड नेलं आणि नागनाथला बाहेरच थांबवलं. आतलं बोलणं ऐकू येत होतं. दुखतंय कुठं, नर्सने विचारलं. दुखत न्हाई, सविता म्हणाली. बायनाबाईचीच उत्तरं. मग नक्की काय होतंय, नर्सने विचारलं, आणि आत सगळं गप्प झालं. सविता तो शब्द गिळत होती. तो बाहेर उभा आहे हे तिला ठाऊक होतं.

तो पडद्याजवळ गेला. "सांग बाई," तो म्हणाला. "समदं सांग. मी काय म्हणत न्हाई."

"उलघाल व्हायलीय ओ सिस्टर," सविता म्हणाली, आणि मग ती थांबेना. उलघाल कधी सुरू झाली, श्वास कसा पुरत नाही, घाम कसा गार येतो, हात कधीपासून जड झालाय. नर्सने डॉक्टरांना हाक मारली. मशीन ढकलत आणल्याचा आवाज आला.

चांगुणाबाईने बाकावर सरकून जागा केली. नागनाथ बसला नाही. आत तो शब्द पुन्हा पुन्हा येत होता. दर वेळी त्याच्या अंगावर काटा येई. तो पडद्याला कान लावून ऐकत राहिला.