झोपेच्या वेळेत येऊ नये

शीलाताई लांजेवार यांचं पाळणाघर छत्तीसगढातल्या कोहक्यात, त्यांच्या राहत्या घरातच होतं. पुढच्या दोन खोल्या आणि अंगण मुलांचं, मागची खोली आणि स्वयंपाकघर त्यांचं आणि देवरावांचं. देवराव स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते. भाजी आणायची, मुलांच्या तीनचाकी सायकलींचे नट आवळायचे, एवढं ते करत. मदतीला रेणू होती, गल्लीतलीच, चाळिशीची छत्तीसगढी बाई. बारा मुलं होती, दीड वर्षापासून चार वर्षांपर्यंतची.

मुलांचा दिवस लावण्यात शीलाताईंचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. सुरुवातीची दोन वर्षं त्यांनी नुसतं बघण्यात घालवली होती. कोणतं मूल किती वाजता किरकिर करतं, कशानंतर शांत होतं, जेवणाआधी पळवलं तर जास्त जेवतं की कमी, हे त्या रोज बघत होत्या. त्यातून जो दिवस तयार झाला तो त्यांनी मोठ्या कागदावर लिहून दाराजवळ लावला. सकाळी ठोकळे आणि माती. दहाला फळ. मग गाणी, मग अंगण. बाराला वरण-भात. पाऊण वाजता हातपाय धुऊन गाद्या. एक ते तीन झोप. उठल्यावर दूध, पुन्हा अंगण, आणि मग आई.

नव्या पालकांना त्या एकच गोष्ट समजावून सांगत. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण कशानंतर काय येतं ते पक्कं कळतं. दुधानंतर अंगण, अंगणानंतर आई, हे एकदा मनात बसलं की मूल दिवसभर रडत नाही. म्हणून त्या कागदाच्या खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, की झोपेच्या वेळेत पालकांनी येऊ नये.

अपेक्षा कापगते सिविक सेंटरमधल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात होती. नवरा प्रशांत हथखोजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दोघंही मूळचे भंडाऱ्याकडचे, राहायला स्मृतीनगरात, घरात तिसरं मोठं माणूस नाही. त्यांची मुलगी जुई दीड वर्षाची असताना पाळणाघरात आली आणि महिन्याभरात रुळली. अपेक्षा कमी बोलणारी. मुलीला सोडायची, पिशवी रेणूकडे द्यायची, स्कूटी फिरवून निघून जायची. सूचना देत बसणाऱ्यांतली ती नव्हती, म्हणून शीलाताईंना ती आवडायची.

जुई अडीच वर्षांची असताना, जानेवारीत, अपेक्षा एक दिवस दुपारी एक वाजता आली. जेवणाची सुटी होती, म्हणून डोकावले, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच येऊ लागली. मुलं गाद्यांवर पडलेली, अर्धी झोपलेली असायची. जुई आईला बघून उठून बसायची, गळ्यात पडायची. वीस मिनिटांनी अपेक्षा निघाली की जे रडणं सुरू व्हायचं, त्यानं बाराच्या बारा मुलं जागी व्हायची. तीन वाजता दूध द्यायच्या वेळी सगळी पेंगुळलेली आणि चिडलेली असायची. जुई तर अंगणातही खेळेना. फाटकाच्या गजांना धरून उभी राहायची. आई येऊन गेली म्हणजे दिवस संपला, मग आपण अजून इथे कावून, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

शीलाताईंनी आठ-दहा दिवस बघितलं. मग एका संध्याकाळी अपेक्षाला आत बोलावून पाणी दिलं.

"अपेक्षा, दुपारची नको येत जाऊ बापा," त्या म्हणाल्या. "तू येते अन् जाते, तिले वाटते आता घरी जायचं. मग ती पाच वाजेपर्यंत फाटकापाशीच उभी राह्यते."

अपेक्षाने ग्लास हातात फिरवला. "दहाच मिनिटं बसत जाईन, मावशी. बोलणार नाई तिच्याशी."

"तुले आत सोडलं त साऱ्यांनाच सोडा लागते. अन् लेकराचे हाल होतात, तुयाच."

अपेक्षाने मान डोलावली. ती वाद घालेल असं शीलाताईंना वाटलं होतं, तयारीही होती त्यांची. पण तिनं ग्लास ठेवला, जुईला कडेवर घेतलं आणि बरं म्हणून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. चार दिवसांत जुई पुन्हा नीट झोपू लागली, अंगणात खेळू लागली. शीलाताईंनी देवरावांना सांगितलं, की पाहा, आईबापालाच शिस्त लावावी लागते.

मार्चमध्ये अपेक्षा वाळल्यासारखी दिसायला लागली. शीलाताईंनी विचारलं तर ॲसिडिटी आहे म्हणाली. एप्रिलमध्ये जुईला सोडायला प्रशांत येऊ लागला. अपेक्षा नागपूरला गेली आहे, तपासण्या चालल्या आहेत, एवढंच तो सांगे. मग त्यानं जुईला पाठवणंच बंद केलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. तो म्हणाला, अपेक्षा गेली. शीलाताईंनी कुठे, म्हणून विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना कळलं.

त्या रेणूला घेऊन भेटायला गेल्या. प्रशांतची आई सतरंजीवर बसली होती. तिनं सगळं सांगितलं. पोटात गाठ होती, डिसेंबरातच निदान झालं होतं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. अपेक्षाने कोणाला सांगू नको म्हटलं होतं, कारण लोक तोंडाकडे बघून हळहळतात आणि लेकरालाही त्याच नजरेनं बघतात. शीलाताई ऐकत होत्या. डिसेंबर हा एकच शब्द त्यांच्या कानात राहिला. डिसेंबरात कळलं आणि जानेवारीत ती दुपारी यायला लागली. घरी येताना ऑटोत त्या महिने मोजत राहिल्या. रेणू बाहेर बघत होती.

जुलैत प्रशांत जुईला घेऊन आला. त्याला कामावर जाणं भाग होतं आणि आईचे गुडघे दुखत होते, मुलीमागे धावणं तिच्यानं होत नव्हतं. जुई मोठी झाल्यासारखी वाटत होती. रडली नाही, सरळ ठोकळ्यांकडे गेली. प्रशांत मात्र दारातच उभा राहिला. जुईचा दिवस कसा असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं, असं त्यानं खाली बघून सांगितलं. सकाळी ती दूध आधी पिते की दात आधी घासते, केस कोणत्या बाजूला विंचरायचे, रात्री पाणी द्यायचं की नाही, सगळं अपेक्षाकडे होतं. शीलाताईंनी त्याला बसवून घेतलं आणि दोघांनी मिळून जुईचा दिवस लिहून काढला. इथला भाग शीलाताईंनी सांगितला, घरचा भाग त्यांनी अंदाजाने लावला. प्रशांत वहीत टिपून घेत होता, कारखान्यात मापं टिपतात तसा, एकेका ओळीपुढे वेळ घालून.

जुई सगळं वेळेवर करायची. फक्त झोपायची नाही. गादीवर पडायची, डोळे मिटायची आणि उजवा हात गादीबाहेर फरशीवर टाकायची, तळवा वर करून. हात आत घेतला की पुन्हा बाहेर काढायची. थोड्या वेळानं बोटं हलवायची, जशी काही शोधते आहे. तीन वाजेपर्यंत तसंच चालायचं. शीलाताईंनी नऊ वर्षांत बरीच मुलं बघितली होती. अंगठा चोखणारी, चादरीचं टोक धरणारी, कान ओढणारी. हे त्यांनी बघितलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी रेणूला विचारलं, ही अशी कावून करते, तुला काही माहीत आहे का.

रेणू दाराला टेकून खाली बसली.

"दीदी, वो तो रोज आती थी," ती म्हणाली.

मग तिनं रडत रडत सांगितलं. शीलाताईंनी मनाई केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी अपेक्षा मागच्या गल्लीत येऊन उभी राहिली होती. रेणू भांडी घासायला बाहेर आली तेव्हा तिला दिसली. अपेक्षाने काही मागितलं नाही, जुई झोपली का एवढंच विचारलं. रेणूला राहवलं नाही. त्या वेळी शीलाताई मागच्या खोलीत जेवायला बसायच्या, देवरावांचा टीव्ही चालू असायचा. रेणूनं तिला मोरीच्या दारानं आत घेतलं. मुलं गाढ झोपलेली होती. अपेक्षा जुईच्या गादीशी फरशीवर बसली आणि तिनं तिचा हात हातात घेतला. दहा मिनिटांनी उठून गेली. मार्चच्या शेवटापर्यंत रोज हेच चाललं. जुई एकदाही जागी झाली नाही. आजाराचं रेणूला फेब्रुवारीतच कळलं होतं. अपेक्षाने शपथ घातली होती, शीलामावशींना सांगायचं नाही, त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

"अपेक्षा दुपारची जेवत होती का?" शीलाताईंनी विचारलं.

रेणूनं नाही म्हणून मान हलवली. कधी पाणी मागायची, म्हणाली.

शीलाताई रेणूला रागावल्या नाहीत. त्या उठल्या, जुईच्या गादीशी जाऊन खाली बसल्या आणि फरशीवरचा हात हातात घेतला. जुईनं डोळे उघडून बघितलं. हळूच हात सोडवून घेतला आणि कुशीवर वळली.

प्रशांतला सांगावं की नाही, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. देवराव म्हणाले, झालं ते झालं, त्याला आणखी कशाला त्रास. पण मुलगी झोपत नव्हती आणि का झोपत नव्हती हे बापाला माहीत नसणं शीलाताईंना पटेना. शनिवारी तो न्यायला आला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. आपण मनाई केली तेही सांगितलं, काही न लपवता.

प्रशांत अंगणातल्या छोट्या बाकावर बसला. तो मुलांचा बाक होता, त्याचे गुडघे छातीपर्यंत आले.

"मले वाटे ऑफिसच्या बायांसंग जेवते दुपारची," तो म्हणाला. मग त्यानं वर बघितलं. "तिनं तुमाले मांगितलं होतं, मावशी? दहा मिनिटं?"

"हाव."

"अन् तुमी नाई म्हटलं?"

"नाई म्हटलं," शीलाताई म्हणाल्या. मला माहीत नव्हतं, हे वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यांनी म्हटलं नाही.

प्रशांत बाकावरून उठला. जुईला गाडीवर पुढे उभं करून घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी त्यानं सांगितलं, की जुईला आपल्या आईसोबत गावी, साकोलीला ठेवतो आहे. तिथे मोठी बहीण शेजारीच राहते, घरात मुलं आहेत. आपण दर रविवारी जाऊ. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्या शनिवारचा या निर्णयाशी काही संबंध आहे का, हे शीलाताईंनी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. जाताना त्यानं फक्त रेणूचे दोन्ही हात धरले आणि रेणू पदरात तोंड घालून आत पळाली.

पाळणाघर चालूच राहिलं. कागदावरची लाल ओळ शीलाताईंनी काढून टाकली आणि ज्यांना यायचं त्यांनी या, असं पालकांना सांगितलं. एक आई आठवडाभर आली. तिचा मुलगा रोज रडला, बाकीचीही उठली, आणि तिनंच मग येणं थांबवलं. शीलाताई रडणाऱ्या मुलांना मांडीवर घेऊन बसत. आपलं म्हणणं खरंच होतं, हे त्यांना त्या आठवड्यात पुन्हा कळलं, आणि त्यानं काहीच हलकं झालं नाही.

दिवाळीनंतर त्यांनी साकोलीला फोन केला. प्रशांतच्या आईनं उचलला. जुई बरी आहे, म्हणाली. आता कोणाच्याही मांडीवर झोपते, आतेभावासोबत अंगणवाडीत जाते, हात बाहेर टाकणं कधीचं बंद झालं. मग तिनं जुईला बोलावून फोन कानाला लावला. शीलाताईंनी नाव सांगितलं, रेणूमावशीचं नाव सांगितलं, मातीच्या खेळाची आठवण दिली. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"कोण हाय, आजी?" जुईनं विचारलं, आणि ती पळून गेल्याचा आवाज आला.

लहान हाय, विसरते, आजी म्हणाली. शीलाताई म्हणाल्या, विसरली ते चांगलंच झालं. फोन ठेवून त्या मागच्या खोलीत गेल्या. देवराव पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, काय म्हणते जुई, आणि शीलाताई रडायला लागल्या. देवरावांनी पेपर बाजूला ठेवला आणि त्या थांबेपर्यंत जवळ बसून राहिले.