झोप मोजणारा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मनगटावर बांधायचा. दिसायला घड्याळासारखा, पण मला काटे नाहीत. माझ्या पोटात हालचाल ओळखणारी चकती आहे आणि पाठीवर उजेड पाहणारा काचेचा बारीक डोळा. हात किती हलला, भोवती किती उजेड होता, एवढं मी साठवून ठेवतो. त्यावरून माणूस कधी झोपला ते कळतं. पण मित्रांनो, मला तोंड नाही. संगणकाला जोडल्याशिवाय माझ्या पोटातलं कोणालाच कळत नाही. या गोष्टीचा मला एकदा फार त्रास झाला, तेच सांगतो.

मला कुठल्या कारखान्यात जोडलं ते आठवत नाही. आठवतं ते चंद्रपूरच्या महाविद्यालयातलं टेबल आणि दिव्यानीबाईंचे हात. बाई मूळच्या गोंडपिपरीच्या. त्या झोपेवर संशोधन करायच्या. अंधार पडला की मेंदूतली तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी मेलाटोनिन नावाचा रस रक्तात सोडते आणि शरीराला कळतं, रात्र झाली. उजेड दिसला की तो रस आटतो. मग जी माणसं रात्रभर दिव्याखाली राबतात आणि दिवसा पाठ टेकतात, त्यांच्या शरीराचं काय होतं, हे बाईंना शोधायचं होतं. म्हणून त्या गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीच्या बाजूला आल्या. खाणीतलं खनिज वाहणाऱ्या एका कंत्राटदाराच्या ट्रकचालकांच्या मनगटांवर त्यांनी माझ्यासारखे पट्टे बांधले. बांधताना प्रत्येकाला शब्द दिला, "कोण किती झोपला ते मी मालकाले सांगणार नाई. छापतानी कोणाचं नाव येणार नाई."

मी चैतूच्या मनगटावर गेलो. चैतू उंच, कमी बोलणारा. त्याचं घर जंगलाला लागून, वर टिनाचं छप्पर. मधूनमधून बाई यायच्या आणि कापसाच्या बोळ्यावर त्याची लाळ घ्यायच्या, कारण तो रस लाळेतही उतरतो. चैतूची बायको सुकरी हसायची. "थुका घ्यायले चंद्रपूरहून येते का कोणी?"

पहिले काही दिवस बरे गेले. मग रानात मोहाची फुलं पडायला लागली. मोहफुलं सकाळी लवकर वेचावी लागतात, ऊन तापलं की सुकतात, नाहीतर जनावरं खातात. रात्रपाळी संपवून चैतू घरी यायचा आणि तसाच टोपली घेऊन सुकरीबरोबर रानात जायचा. कोवळं ऊन डोळ्यांवर पडायचं. माझ्या काचेच्या डोळ्यालाही ते लख्ख दिसायचं. मला कळत होतं, हे ऊन त्याच्या शरीराला सांगतंय, दिवस उगवला, आता झोपू नको. दुपारी तो खाटेवर पडायचा. टिन तापलेलं असायचं. तो कूस बदलायचा, पाणी प्यायचा, परत पडायचा. संध्याकाळी पुन्हा गाडी.

दिवसेंदिवस त्याची झोप आटत गेली. मग स्टिअरिंगवरचा त्याचा हात मधेच अगदी निश्चल व्हायला लागला, आणि एकदम दचकून हलायचा. ते निश्चल क्षण मी एकेक करून साठवत होतो. मला ओरडायचं होतं. मी नुसता मनगटाला चिकटून होतो.

एका सकाळी दिव्यानीबाई पट्टे तपासायला गावात आल्या. चैतू नुकताच रात्रपाळीहून आला होता. त्यानं मला सोडून बाईंच्या हातात दिलं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे भैयाजी होता, कंत्राटदाराचा सुपरवायझर. डोमा नावाचा चालक आला नव्हता. चैतू म्हणाला, "बाई, मले जा लागते. डोमाची खेप माह्यावर आली." सुकरी म्हणाली, "जेवून तं जा." तो जेवला नाही.

तो गेल्यावर बाईंनी मला संगणकाला जोडलं. पडद्यावर रेघा उमटल्या. बाईंनी रेघांवर बोट फिरवत झोपेचे तास मोजले. मग हळूच म्हणाल्या, "सुकरीबाई, हे झोपतेत कवा?"

"पडते न दुपारी. पडल्या पडल्या उठते."

बाईंनी चैतूला फोन लावला. रेंज नव्हती. मग त्यांनी भैयाजीचा नंबर काढला. एक फोन केला असता तर गाडी खाणीच्या फाटकावरच थांबली असती. सुकरीनं त्यांचा हात धरला.

"त्याले नका सांगू, बाई. नोकरी जाईन."

"आणि काई झालं तं?"

सुकरीनं पायात चपला घातल्या. "चला. आपणच जाऊ."

बाईंनी मला मुठीत घेतलं आणि स्कूटी काढली. फाटकावर पोचलो तोवर गाडी निघून गेली होती. रस्ता लाल धुळीचा. बऱ्याच वेळानं पुढे भरलेला ट्रक दिसला. त्याची डावी चाकं डांबर सोडून मुरमावर उतरायची आणि झटक्यानं परत वर यायची. पुढच्या गावात त्या दिवशी बाजार होता. माणसं रस्त्याच्या कडेनं डोक्यावर ओझी घेऊन चालली होती.

बाईंनी हॉर्न दाबून धरला. ट्रक तसाच चालला.  वळण मोकळं दिसताच त्यांनी ट्रकला मागे टाकलं आणि लांब पुढे जाऊन स्कूटी थांबवली. सुकरी उतरली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पदर सोडून तो ती उंच हलवू लागली. ट्रक येत होता. वेग कमी होत नव्हता. बाई पळत गेल्या आणि सुकरीला दंडाला धरून ओढू लागल्या, पण ती हलेना.

मग ब्रेक करकरले. ट्रक दोघींच्या पुढ्यात आला आणि थांबला. रबर जळल्याचा वास सुटला.

चैतू खाली उतरला.  "मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "डोळे उघडेच होते माहे."

"उघड्या डोळ्यानंबी झोप येते, चैतूभाऊ," बाई म्हणाल्या.

 सुकरीनं त्याला झाडाखाली नेलं. तो बसताक्षणी झोपला.

गाडी का थांबली ते पाहायला भैयाजी मोटरसायकलवर आला. "पट्ट्यात काय दिसलं ते दाखवा," तो म्हणाला. "ज्यायले झोप येऊन राह्यली त्यायले काढून टाकतो."

"दाखवणार नाई. मी शब्द देला आहे. तुमी एकाले काढसान, त्याच्या जागी दुसरा असाच जागलेला माणूस बसवसान. याले आज झोपू द्या."

"मंग गाडी कोण नेईन?"

"मी तं नाई नेऊ शकत. पण याले चढू देणार नाई."

बाई ट्रकच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. भैयाजीनं झोपलेल्या चैतूकडे पाहिलं. मग मोटरसायकल कडेला लावली आणि स्वतःच ट्रकमध्ये चढला. तोही कधीकाळी चालकच होता.

तरी व्हायचं ते झालं. कंत्राटदारानं सगळे पट्टे पोत्यात भरून परत पाठवले. बाईंचं काम बंद पडलं. चैतूला काही आठवडे घरी बसवलं, मग माणसं मिळेनात म्हणून परत बोलावलं. पण एका सुटीच्या दिवशी डोमा बाईंकडे आला आणि हात पुढे करून म्हणाला, "बांधा. पुऱ्या बाहीचा शर्ट घालतो, कोणाले दिसत नाई." त्याच्यामागून आणखी चालक आले. काम पुरं झालं.

ते संशोधन छापून आलं तेव्हा बाई ते घेऊन चैतूच्या घरी गेल्या. मीही पिशवीत होतो. चैतूनं पानं उलटली. "मी कुठी आहो याच्यात?"

बाईंनी आलेखातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. चैतूनं निरखून पाहिलं. "एवढूसा?"

सुकरीनं मान वाकवून तो ठिपका पाहिला. "एवढूसा तं एवढूसा," ती म्हणाली. "जिता आहे न."

आता माझी बॅटरी फुगली आहे. मी कपाटात पडून असतो. चैतूच्या खिडकीला काळं कापड लागलं आहे, आणि मोहाच्या दिवसांत रानात सुकरी त्याच्या बहिणीला घेऊन जाते, असं बाई बोलताना मी ऐकलं.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत कोणीतरी भरदुपारी दार लावून झोपलेलं असेल. त्याला आळशी म्हणू नका. तुमची रात्र त्यानं जागून काढली असेल. त्याच्या दारावरून जाताना आवाज थोडा खाली करा, आणि तो जागा झाला की विचारा, झोप लागली का म्हणून. मला ते कधी विचारता आलं नाही.