टाकी तपकिरी झाली तेव्हा

दातांच्या त्या दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणत. ती शिकलेली नर्स नव्हती. बावीस वर्षांपूर्वी फोन घ्यायला म्हणून लागली आणि हळूहळू अवजारं उकळण्यापासून रडणाऱ्या पोरांना खुर्चीत बसवण्यापर्यंत सगळंच तिच्या अंगावर पडलं. एकाच गोष्टीला मोठे डॉक्टर तिला हात लावू देत नसत. ती म्हणजे पेशंट बसतात त्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यात पांढऱ्या पट्ट्यांच्या नारिंगी माशांची एक जोडी होती, सोळा वर्षांची. मादी थोराड, नर लहानखुरा.

मग डॉक्टरांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. इस्पितळात जाण्याआधी ते म्हणाले, "सिस्टर, पेशंट सूनबाई बघेल. मासे तुम्ही बघा."

दहाव्या दिवशी वाळूवर चहा सांडल्यासारखा डाग दिसला. दुपारपर्यंत दगडांवरून शेंबडासारख्या तारा लोंबायला लागल्या, प्रत्येकीच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सिस्टरनं पदर खोचला. नवाकोरा टूथब्रश घेऊन दगड घासले, थुंकी ओढायची नळी टाकीत सोडून तो सगळा चिकटा ओढून काढला. संध्याकाळी टाकी लख्ख. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, आणि जरा जास्तच.

ती हट्टाला पेटली. आठवड्याला बदलायचं पाणी एक दिवसाआड बदलू लागली, मग रोज. मीठ कालवून कालवून तिच्या बोटांची सालं निघाली. खाण्यानं घाण होते म्हणून माशांचं खाणं निम्मं केलं, मग चिमूटभरावर आणलं. काच साफ ठेवायला टाकीत सात गोगलगायी होत्या, त्या एकेक करून उलट्या पडल्या. सातही गेल्या. घासावं तितकं ते तपकिरी जोमानं वाढत होतं.

"टाकीनं दात घासलेले नाहीत वाटतं," एक पेशंट म्हणाला. सगळे हसले. सिस्टरही हसली आणि आत जाऊन नळ सोडून रडली.

डॉक्टरांचा फोन आला की ती सांगायची, "मजेत आहेत दोघं."

शेवटी धाकट्या डॉक्टरांनी, म्हणजे सुनेनं, तिला बाजूला घेतलं. "सिस्टर, लोक आपल्या स्वच्छतेच्या भरवशावर इथं तोंड उघडतात. आणि समोर हे! बाबा यायच्या आत निघालं नाही तर टाकीच काढू. त्यांना मी सांगेन."

त्या बोलल्या ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. त्याच दुपारी, पेशंट नसताना, सिस्टरनं कपाटातली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढली. हिरड्यांतली घाण जाते, मग ही का नाही जाणार? तिनं झाकणभर ओतलं. काही होईना. आणखी ओतलं. मग मोजायचंच सोडून दिलं.

पाणी फेसाळलं. मादी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू-मिटू लागली. सिस्टरनं धावत मिठाचं ताजं पाणी आणलं, बादलीमागून बादली बदलली, "थांब गं, थांब," म्हणत राहिली. तासाभरात मादी आडवी झाली. नर दगडाच्या कपारीत होता, तो तगला.

ओल्या साडीनिशीच ती शेवाळाचा नमुना बाटलीत घेऊन शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेली. त्यानं थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"पाणी रोज बदलता?"

"रोज. खाणंही तोडलंय."

"बाई, तुम्ही जरा जास्तच स्वच्छता केलीत. हे नेहमीचं शेवाळ नाही. पाण्यात काही खायला उरलं नाही की बाकीचं शेवाळ उपाशी मरतं आणि याला रान मोकळं मिळतं. याच्या विषानं गोगलगायी जातात. आता पाणी बदलू नका. माशाला पोटभर घाला. तीन दिवस टाकी अंधारात ठेवा. मग काच हिरवी व्हायला लागली तर हात लावू नका."

"हिरवी होऊ द्यायची?"

"व्हायलाच हवी."

बावीस वर्षं ज्या हातांनी डाग दिसला की पुसला, ते हात आता मांडीखाली दाबून बसायचं होतं. तिनं टाकीवर काळी चादर घातली. तीन दिवसांनी काढली तेव्हा तपकिरी तारा विरळ झाल्या होत्या. आठवड्याभरात काचेवर हिरवी साय धरली. धाकट्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "हे तर आणखीच घाण!"

"चार दिवस द्या," सिस्टर म्हणाली. "नंतर टाकी मी स्वतः उचलून नेते, आणि मीही जाते."

त्या आत पेशंटकडे निघून गेल्या.

चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, हळूहळू पावलं टाकत. टाकीसमोरच्या खुर्चीत बसले. वाळू पांढरी होती, काच हिरवी.

"मादी?"

"गेली, डॉक्टर. माझ्या हातानं गेली. पेरॉक्साइड ओतलं मी." तिनं सगळं सांगितलं, फोनवरच्या थापांसकट.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमची छाती उघडलेली होती. तुम्हाला काय सांगू?"

ते चिडले नाहीत, पण समजूतही घातली नाही. चष्मा काढून पुसला. सिस्टर उभीच.

"हा एकटा राहिला की काही महिन्यांत मादी होतो," अखेर ते म्हणाले. "यांच्यात तसंच असतं. मग त्याला छोटा नर आणावा लागेल."

दारात उभ्या सुनेनं सुस्कारा सोडला. "म्हणजे टाकी राहणार."

"राहणार. आणि सिस्टर, काचेचा पुढचा भाग तेवढा पुसा. मागचा राहू द्या."

तिनं फडकं आणलं. पुढची काच पुसली, मागच्या हिरव्याला हात लावला नाही.