पाहुण्यांची गाडी वाळूत

कारगिलच्या डोंगरावर बाळाजी घरतला गोळ्यांची भीती वाटली नव्हती. पण त्या रविवारी किहीमच्या राहत्या घरात त्याला बायकोची भीती वाटत होती. लेकीला, मृणालीला, बघायला पनवेलहून पाहुणे यायचे होते आणि किशोरीने सकाळीच दम भरला होता, "आज पोलिसगिरी नको. दोन स्थळं तुमच्या तोंडापायी गेली. हे गेलं तर माझ्याशी गाठ आहे!"

खोटं नव्हतं ते. पहिल्या मुलाला बाळाजीने दारातच हेल्मेटवरून झापलं होतं, तर दुसऱ्याच्या मामाला नंबरप्लेटवरून. काय करणार? सैन्यातून निवृत्त होऊन तो पोलिसात आला आणि अलिबागच्या नाक्यावर वाहतूक हवालदार झाला. शौर्यपदक मिळवलेला माणूस, पण रिक्षावाल्यांना त्याचं काय! शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या किनाऱ्यावरून हाकलायच्या, हे आणखी वेगळं.

पाहुणे आले, मुलगा आणि त्याचे आईवडील. मुलगा प्रणय शांत, बरा वाटला. वडील रामचंद्रशेठ मात्र ट्रकांचे मालक, आवाजही ट्रकाचाच. सकाळची ड्यूटी उरकून युनिफॉर्मातच आलेल्या बाळाजीला बघून ते हरखले. "कारगिलचा वीर आमचा व्याही! बाळाजीभाऊ, पदक लावा. मागे समुद्र, बाजूला आमची नवी गाडी आणि मधे तुम्ही. असा फोटो पाहिजे!"

"गाडी वाळूत नेता येत नाही, शेठ. बंदी आहे. आणि भरती लागलीय."

किशोरीने असे डोळे वटारले की पुढचं वाक्य बाळाजीने गिळलं.

"अहो, आम्ही बोरघाटातून ट्रक उतरवणारी माणसं! वाळूचं काय सांगता?" म्हणत शेठ स्टिअरिंगवर बसले, प्रणयला शेजारी बसवलं आणि सुरूच्या झाडांमधून गाडी थेट पाण्याकडे घातली. सगळे मागून चालत पोचेपर्यंत चाकं निम्मी रुतली होती. शेठ जितका अ‍ॅक्सिलरेटर दाबत, तितकी गाडी खाली जाई. पहिली लाट बंपरला लागली, तेव्हा शेठचा आवाज सायकलच्या घंटीएवढा झाला.

बाळाजीने शिट्टी मारली. जाळी विणत बसलेले कोळी होडी ओढायचा दोर आणि फळ्या घेऊन धावले. तुकाराम सगळ्यांत पुढे. चाकांखाली फळ्या सरकवल्या, दोर बांधला, प्रणय पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरून मागून रेटायला लागला. "हैसा रे हैसा!" होडी ओढावी तशी गाडी वर आली.

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. तुकाराम तेवढा हसला नाही. कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "दादा, गेल्या हप्त्यात माझा मासळीचा टेंपो इथंच धरलास. सोडला न्हायस. ही गाडी सोडतोस काय?"

बाळाजीने बायकोकडे पाहिलं. तिने नाही-नाही अशी मान हलवली, अगदी हात जोडले. मृणाली खाली वाळूकडे बघत होती. लेकीचं चांगलं चाललेलं आपल्या हातानं मोडायचं? आणि सोडलं, तर उद्या तुकारामला कुठल्या तोंडानं अडवायचं? त्याने चलानचं मशीन काढलं.

"गाडी कोण चालवत होतं?"

शेठ आधी हसले, मग ओळखलं की हा माणूस मस्करी करत नाही. जवळ येऊन पुटपुटले, "पोराच्या नावावर टाका. माझ्या नावावर आधीच बरीच आहेत, लायसन जाईल."

बाळाजीने प्रणयकडे बघितलं. पोरगा भिजलेला, हातात बूट. एकदा बापाकडे, एकदा मृणालीकडे बघून म्हणाला, "नाही काका. पप्पा चालवत होते."

पंचविशीत आपल्या बापासमोर आपली मान वर झाली नव्हती, हे बाळाजीला लख्ख आठवलं.

पावती निघाली. शेठ लालबुंद झाले. "असली सोयरीक नको आम्हाला!" म्हणून त्यांनी बायकोला गाडीत कोंबलं, दार आपटलं आणि धूळ उडवत निघूनही गेले. रागाच्या भरात मुलाला न्यायचंच राहिलं.

"घालवलंत ना हेही स्थळ!" किशोरी रडकुंडीला आली.

मृणालीने प्रणयच्या हातातले बूट घेतले, आतली वाळू झटकली आणि म्हणाली, "चला, घरी पोहे गार होतायत."

दोघं सुरूच्या झाडांकडे चालू लागली.

"स्थळ गेलं गं," बाळाजी म्हणाला, "जावई इथंच राहिलाय."